कोयता आणि शिवी

प्रिय गड्या,

तुझं पत्र येऊन महिना झाला. सहामाहीच्या पेपरांच्या गठ्ठ्यांत उत्तर राहून गेलं, शिव्या घालू नकोस. शिव्यांवरून आठवलं, परवाची गंमत सांगतो.

नववीवर ऑफ तास होता. पोरं पिक्चरचंच बोलत होती, म्हणून सिनेमाच्या सर्टिफिकेटवरची अक्षरं यू, यूए, ए, एस फळ्यावर लिहिली आणि अर्थ विचारला. एक उठून म्हणाला, "सर, ए म्हणजे ए ग्रेड. एकदम भारी पिक्चर." वर्ग हसला, पण त्याचं तरी काय चुकलं? आपण पोरांना मार्कांपलीकडे शिकवतो काय!

मग सांगितलं. यू सगळ्यांना, यूए लहानांना आईबापांच्या सल्ल्याने, ए फक्त १८ वर्षांपुढच्यांना, एस डॉक्टरांसारख्या ठरावीक मंडळींना. १९५२च्या कायद्यात यू आणि ए एवढंच होतं, बाकीची दोन १९८३ साली आली. त्याच सुमारास ही सर्टिफिकेटं देणाऱ्या मंडळाच्या नावातलं 'सेन्सॉर' जाऊन 'प्रमाणन' आलं. आपल्या तोंडी अजून सेन्सॉरच. २०२३च्या दुरुस्तीने यूएचे ७+, १३+, १६+ असे तीन भाग झाले.

एवढ्यात जांभया सुरू झाल्या. म्हणून पाच जणांची तपासणी समिती नेमली आणि प्रसंग मीच रचला: बांधावरून दोघा भावांचं भांडण, एक कोयता उगारतो, दुसरा आईवरून शिवी देतो. समितीचा निकाल तडकाफडकी. कोयता चालेल, ७+ द्या; शिवी कापा. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक पोरगी उठली. "कोयता माझ्या धाकट्या भावाच्या स्वप्नात येईल. शिवी तर तो अंगणात रोज ऐकतो." झालं, समितीत उभी फूट! मी म्हटलं, अरे, एका प्रसंगावर ठरवायचं नसतं, अख्ख्या सिनेमाचा एकूण परिणाम बघायचा असतो. तर म्हणतात, "मग सांगा ना सर, पुढं काय होतं?" पुढचं मी रचलंच नव्हतं.

शेवटी एकानं पकडलं. "१६+ आहे आणि मी चौदाचा, तर दारावर अडवतील?" म्हटलं, नाही, अडवायचं ते ए असेल तरच, यूएचे आकडे आईबापांसाठी. "पण सर, सर्टिफिकेट दाखवतात तेव्हा बाबा गाडी लावत असतात." ओटीटीवरही असेच आकडे आहेत, तिथे दारावर माणूस नाही, लॉक आहे. आणि घरातले सगळे पासवर्ड पाठ कुणाला, तर याच पोरांना.

दारावरचा माणूस म्हटल्यावर आपलं टॉकीज आठवलं. दहावीची सुट्टी, तुला मिसरूड फुटलेली. तू डोअरकीपरसमोरून रुबाबात आत गेलास आणि मला त्यानं मानगूट धरून बाहेर काढलं. तीन तास दोन सायकली राखत बसलो होतो. बाहेर आल्यावर तू म्हणालास, "काही नव्हतं रे, सगळं कापलंय."

पोरांना हे सांगितलं नाही. पण आता तरी खरं सांग, कापलं होतं, की माझी समजूत काढलीस?

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मास्तर