आईची दोन बोटं

मुंबई, रविवार रात्र

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आईचं तोंड पूर्ण का उघडत नाही, हे सगळं फोनवर नीट सांगता येत नाही. आई "बरं बरं" म्हणते आणि नारळ किती पडले ते सांगायला लागते. बाबा, तुम्ही तर गप्पच होता. म्हणून लिहितेय. दोघं एकत्र बसा आणि बाबा, तुम्ही मोठ्याने वाचा.

गणपतीत आई मोदक बोटांनी फोडून एकेक तुकडा तोंडात सारत होती, तेव्हा मला पहिल्यांदा खटकलं. आमटीतही दही कालवत होती, झोंबतं म्हणून. वर्षभर तिथे "सांधा आखडलाय" म्हणून गोळ्या आणि गुळण्या चालल्या. त्या वर्षाचं मला फार वाईट वाटतं.

बाबा, परवा तुम्ही बाहेर बाकावर बसला होतात, म्हणून आत काय झालं ते सांगते. नायर डेंटल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी आईला तिचीच तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालायला सांगितली. साधारण माणसाची तीन जातात. आईची दोन गेली, तीही ओढूनताणून. पट्टीने मोजलं तर 24 मिलिमीटर. 35 च्या खाली गेलं की तोंड कमी उघडतंय असं धरतात. तोंड न उघडण्याला कारणं पुष्कळ असतात: अक्कलदाढेभोवती पू झालेला, जबड्याच्या सांध्यातली चकती सरकलेली, दाताच्या इंजेक्शननंतर स्नायू आखडलेला, कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलेलं, धनुर्वातसुद्धा. म्हणून तो एक्स-रे काढला. यातलं आईला काहीच नाही. मग त्यांनी गालाच्या आतून बोट फिरवलं. गाल पांढुरका पडलाय आणि आत दोऱ्या ताणल्यासारखे पट्टे लागतात. याला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात, आणि त्याचं कारण सुपारी.

आई, तू लगेच म्हणालीस, "मी तंबाखूला हात लावत नाही." खरंच आहे. पण सुपारीला तंबाखूची सोबत लागत नाही. तिच्यातलं अरेकोलीन नावाचं द्रव्य गालाच्या पेशींना जास्त तंतू बनवायला लावतं, आणि तिच्यातल्या तुरट अंशामुळे ते तंतू विरघळेनासे होतात. मऊ गालाचं हळूहळू चामडं होतं. 1952 साली हा आजार पहिल्यांदा लिहिला गेला तोही पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या आपल्याकडच्या बायकांवरून. नुसत्या सुपारीनेही कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 च्या अहवालात स्पष्ट लिहिलंय. आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी केरळात या आजाराचे 66 रुग्ण 17 वर्षांपर्यंत पाहिले, त्यांतल्या पाचजणांना कॅन्सर झाला. घाबरवायला सांगत नाही. 61 जणांना झाला नाही, हेही त्यातच आहे. पण लक्ष ठेवायला हवं.

हे लिहिताना माझा हात अडतो, कारण आपलं घर सुपारीवर उभं आहे. माझी कॉलेजची फी आपल्या रोठा सुपारीवर भरली गेली. निसर्ग वादळात वाडी आडवी झाली, तेव्हा बाबा, तुम्ही पडलेल्या झाडावर हात ठेवून बसला होतात, ते मी विसरलेले नाही. वाडीचं पुढे काय करायचं, ते आपण तिघं बसून ठरवू. आज एवढंच मागते: रोज दुपारी तुम्ही अडकित्ता घेऊन आईसाठी कातरता ना, ते थांबवा. तुम्ही प्रेमानेच कातरलीत. तुमची यात काही चूक नाही, आईचीही नाही. पण आता एक खांडही नको. जेवणानंतर बडीशेप द्या, ओवा द्या.

झालेले पट्टे सुपारी सोडल्याने पुसले जाणार नाहीत, पण पुढे वाढायला आळा बसेल, आणि तेच पहिलं औषध. बाकीचं त्याच्यावर चढवायचं. दर आठवड्याला गालात इंजेक्शन आहे, पट्टे सैल करणारं हायल्युरोनिडेज आणि त्यासोबत स्टिरॉइड. स्टिरॉइडने साखर वाढते, म्हणून आई, डायबेटिसची फाइल दर वेळी आणायची आणि इंजेक्शनआधी सांगायचं, लाजायचं नाही. तोंडाचा व्यायाम सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच सगळे टाळतात. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत मागच्या दातांमध्ये सरकवायची, थोडा वेळ धरायची, दिवसातून चार-पाचदा. आज जेवढ्या जातात तेवढ्या, आणि सहज जायला लागल्या की एक वाढवायची. ताण बसला पाहिजे, कळ येता कामा नये. बाबा, काड्या तुम्ही मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. ऑपरेशनही असतं, पट्टे कापून तिथे गालातलीच चरबी बसवतात, पण त्यानंतरही हाच व्यायाम महिनोन्‌महिने करावा लागतो. आधी काड्यांनी किती जमतं ते पाहू.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर मला रात्री दोन वाजतासुद्धा फोन करा. तेव्हा गुळण्या करत बसू नका.

पुढची तारीख गुरुवारची आहे. बुधवारच्या एसटीने निघा, मुंबई सेंट्रलला मी स्टँडवर असेन. तिथून हॉस्पिटल चालत आहे. आईसाठी मऊ भात आणि कमी तिखटाची सोलकढी करून ठेवते. काड्यांचा पुडा पिशवीत वरच ठेवा, गाडीतही एकदा करता येईल.

तुमची,
धाकटी