चौऱ्याहत्तर मीटर खालून: व्हाइस ॲडमिरल मॉमसेन यांना एका पाणबुड्याचे आभारपत्र

आदरणीय व्हाइस ॲडमिरल चार्ल्स बॉवर्स मॉमसेन यांस,

सादर नमस्कार, विनंती विशेष.

२५ मे १९६७ रोजी फ्लोरिडात आपण हे जग सोडलेत, तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. त्यामुळे हे पत्र आपल्या हाती पडणार नाही हे जाणूनच ते मी सर्वांसमक्ष लिहीत आहे. मी मूळचा मालवणचा, पेशाने पाणबुड्या. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या मुंबई हाय या तेलक्षेत्रात समुद्रतळावरच्या वाहिन्या आणि प्लॅटफॉर्मचे पाय यांची दुरुस्ती मी एकवीस वर्षे केली. तिथे पाण्याची खोली साधारण ७५ मीटर आहे. २३ मे १९३९ रोजी आपल्या अमेरिकन नौदलाची ‘स्क्वेलस’ ही पाणबुडी न्यू हॅम्पशायरच्या किनाऱ्यापुढे जिथे तळाला टेकली, ती खोली ७४ मीटर होती. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो, कारण त्या खोलीवर काम करणे म्हणजे काय हे मला दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही.

आपल्या छातीवरच्या पदकांची यादी मोठी आहे, पण मला आपली ओळख पटली ती एका अपयशातून. सप्टेंबर १९२५ मध्ये ‘एस-५१’ ही पाणबुडी एका व्यापारी जहाजाच्या धडकेने बुडाली आणि तिच्या शोधासाठी आपल्या ‘एस-१’ला पाठवण्यात आले. पाण्यावर तरंगणारा तेलाचा तवंग आपल्याला दिसला, मित्र त्याच्याखाली आहेत हेही कळले, आणि त्यांच्यासाठी करता येण्यासारखे काहीही हाताशी नव्हते. तिशीच्या आसपासच्या त्या अधिकाऱ्याने त्यानंतर एक घंटेसारखी लोखंडी कोठी कागदावर मांडली: जहाजावरून खाली सोडायची, पाणबुडीच्या झाकणावर घट्ट बसवायची, आणि आतल्या माणसांना कोरड्या अंगाने वर आणायचे. तो प्रस्ताव वॉशिंग्टनला नौदलाच्या संबंधित खात्याकडे गेला आणि वर्षाहून अधिक काळ त्याचे उत्तर आले नाही. पुढे आपली बदली त्याच खात्यात झाली, तेव्हा आपलाच कागद आपल्याला तिथल्या टपालात पडलेला सापडला, आणि तो पुढे रेटूनही अव्यवहार्य म्हणून फेटाळला गेला.

त्यानंतर, १७ डिसेंबर १९२७ रोजी, ‘एस-४’ बुडाली. तिच्या पुढच्या कक्षात सहा जण जिवंत होते. ते आतून हातोडीने ठोके देत होते, वरून पाणबुड्ये त्यांना ठोक्यांनीच उत्तर देत होते, काही आशा आहे का असे आतून विचारले जात होते, आणि वादळामुळे त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचू शकले नाही. एकूण चाळीस जण गेले. लोखंडावर आतून पडणारा ठोका पाण्यात किती स्वच्छ ऐकू येतो हे मी अनुभवाने सांगू शकतो. तो कुठून आला हे कळत नाही, पण तो माणसाने दिलेला आहे याविषयी शंका राहत नाही. आपण तो प्रश्न अनुत्तरित राहू दिला नाहीत, यासाठी माझे पहिले आभार.

खाते घंटा देत नव्हते, म्हणून आपण माणसाच्या गळ्यात अडकवता येईल असे साधन तयार केलेत. रबरी पिशवी, तोंडात धरायची नळी, आणि सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारा सोडा लाइमचा डबा. वर्तमानपत्रांनी त्याला ‘मॉमसेन लंग’ हे नाव दिले. त्याची परीक्षा आपण इतरांवर सोपवली नाहीत. पोटोमॅक नदीत आपण स्वतः उतरलात, आणि ज्या ‘एस-४’मध्ये चाळीस माणसे गेली होती, तिलाच वर काढून पुन्हा बुडवल्यावर तिच्या आतून आपण बाहेर पडलात. त्या पोलादी भिंतींच्या आत उभे राहून पाणी वर चढण्याची वाट पाहताना आपल्या मनात काय आले असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे. या कामासाठी आपल्याला डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल मिळाले, आणि आपल्या सगळ्या सन्मानांत मला हा सर्वांत मोठा वाटतो.

घंटा अखेर तयार झाली. तिला पूर्ण रूप ॲलन मॅकॅन यांनी दिले आणि ‘मॅकॅन रेस्क्यू चेंबर’ हेच तिचे नाव राहिले. मॅकॅन यांचे श्रम खरे होते, तरीही मूळ कागद ज्याचा, त्याचे नाव मागे पडले याचे मला वाईट वाटते. आपण मात्र नावासाठी अडून बसला नाहीत. ‘स्क्वेलस’ बुडाल्याची बातमी येताच पाण्याखाली उतरणाऱ्या आपल्या माणसांना घेऊन विमानाने पोर्ट्समथला धावलात.

त्या पाणबुडीची हवा घेणारी मोठी झडप बंद झाली नव्हती, मागचे कक्ष पाण्याने भरले आणि सव्वीस जण तिथेच गेले. पुढच्या भागात तेहतीस जण अंधारात, थंडीत, हवा पुरवून वापरत बसले होते. पहिला पाणबुड्या तळाशी उतरला तेव्हा त्याच्या जड बुटांचा आवाज त्यांना डोक्यावर ऐकू आला. त्याने झाकणाला तार जोडली आणि त्या तारेवर स्वतःला खाली ओढत घंटा उतरली. तिची रचना मला आजही थक्क करते: खालचा कप्पा उघडा, त्याच्या कडेला रबराची कड, घंटा झाकणावर टेकली की त्या कप्प्यातले पाणी हवेने बाहेर ढकलायचे, मग बाहेरच्या समुद्राचा दाबच तिला पाणबुडीला चिकटवून धरतो. ज्या पाण्याने माणसे कोंडली, त्याच पाण्याच्या वजनाने सुटकेचे दार धरून ठेवायचे. पहिल्या फेरीत सात, दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत नऊ-नऊ जण वर आले. चौथ्या फेरीत शेवटचे आठ जण आत असताना तार अडकली. ती कापावी लागली, वरून लावायची नवी तार जोडायला गेलेल्या पाणबुड्यांची मती थंडीने आणि नायट्रोजनने गुंग झाली, आणि अखेर घंटेचे वजन हवेने तोलत, झिजलेल्या दोरावर, माणसांनी ती हातांनी वर ओढली. ती मध्यरात्रीनंतर वर आली. तेहतीसच्या तेहतीस जण जिवंत होते.

इथून पुढचे आभार माझे वैयक्तिक आहेत. नव्याने या धंद्यात आलो तेव्हा साध्या हवेवर पन्नास मीटर उतरण्याचे काम मला मिळाले होते. फ्लँजचे, म्हणजे दोन नळ जोडणाऱ्या कडीचे, आठ बोल्ट आवळायचे, एवढेच. तिसऱ्या बोल्टापाशी मला फार आनंद वाटू लागला. पाना हातात होता, पण तो कोणत्या बाजूला फिरवायचा हे आठवेना, आणि आठवत नाही याची काळजीही वाटेना. मी तिसरा बोल्ट आवळण्याऐवजी सैल करत होतो. वरून सुपरवायझरने तोच प्रश्न तीनदा विचारला, मी तिन्ही वेळा ‘ओके’ म्हणालो, आणि त्यांनी मला ताबडतोब वर घेतले. दाबाखालचा नायट्रोजन माणसाला दारूसारखा चढतो हे मी वर्गात शिकलो होतो. आपण शुद्धीत नाही हे आपल्यालाच कळत नाही, हे मात्र मी त्या बोल्टापाशी शिकलो.

काही वर्षांनी मी ७५ मीटरवर हेलियम आणि ऑक्सिजनच्या मिश्रणावर पहिल्यांदा उतरलो. बेलचे, म्हणजे आम्हाला तळाशी नेणाऱ्या घंटेचे, खालचे दार उघडले, अंबिलिकल, म्हणजे आमची नाळ, मागे सुटत गेली, आणि तळाच्या गाळात गुडघे टेकल्यावर मी सवयीने मनात सतराचा पाढा म्हटला. पाढा न अडखळता पूर्ण झाला. डोके लख्ख होते. हातातला पाना, समोरचा क्लॅम्प, त्यावर चढलेली कालवे, सगळे जसे होते तसे दिसत होते. हेलियम वापरण्याची कल्पना आपल्या आधीच मांडली गेली होती आणि महिनाभर दाबाखाली राहून काम करण्याची पद्धत पुढे कॅप्टन जॉर्ज बाँड यांच्या संशोधनातून आली, हे मी जाणतो. परंतु १९३७ पासून वॉशिंग्टनच्या एक्स्पेरिमेंटल डायव्हिंग युनिटमध्ये त्या मिश्रणाचे प्रयोग आपण चालवलेत, आणि ‘स्क्वेलस’ उचलताना ते प्रत्यक्ष कामावर वापरण्याची जबाबदारी आपण घेतलीत. ते काम सप्टेंबर १९३९ पर्यंत चालले. जुलैमध्ये पाणबुडीचे नाक पाण्याबाहेर उसळून ती पुन्हा तळाला गेली, तरी सहाशेहून अधिक वेळा पाणबुड्ये उतरले आणि त्यांतला एकही दगावला नाही. आमच्या धंद्यात हा आकडा वाचून माणसे गप्प होतात.

हेलियमने आवाज चिरका होतो. चेंबरमधून, म्हणजे जिथे आम्ही दाबाखाली राहतो त्या बंद खोलीतून, घरी फोन लागला की माझी धाकटी मुलगी आधी पोट धरून हसायची आणि मग आईला हाक मारायची. तो गॅस अंगातली ऊब शोषून घेतो, म्हणून अरबी समुद्राच्या भर उन्हाळ्यातही आम्हाला चेंबर तापवून राहावे लागते. मी हे आपल्याला कशाला सांगतो आहे, आपण ते आमच्या आधी सोसलेले आहे.

युद्धातल्या आपल्या कामगिरीविषयी मी थोडक्यातच लिहितो, कारण ते माझे क्षेत्र नव्हे. १९४३ मध्ये तीन पाणबुड्यांचा पहिला अमेरिकन संयुक्त हल्ला-गट आपण पूर्व चीन समुद्रात नेलात आणि नेव्ही क्रॉस या शौर्यपदकाचे मानकरी ठरलात. आपल्याच टॉर्पेडोंवर नाविकांचा भरवसा उरला नव्हता, तेव्हा हवाईजवळच्या काहोओलावे बेटाच्या कड्यांवर ते डागून पाहावेत, एखादा फुटला नाही की तोच उचलून आणावा, हे आपण सुचवलेत. आणि सुमारे ३०० किलो स्फोटक असलेला तो न फुटलेला टॉर्पेडो काढायला स्वतः पाण्यात उतरलात. दोष आघाताने स्फोट घडवणाऱ्या यंत्रणेत होता: सरळ धडकेत तिचा भाग अडकत असे. पुढे ‘साउथ डकोटा’ या युद्धनौकेचे नेतृत्व आणि ‘अल्बाकोर’ या पाणबुडीच्या थेंबाच्या आकाराच्या सांगाड्यासाठीचा आपला आग्रह, हेही आपल्याच नावावर आहे. १९५५ मध्ये आपण निवृत्त झालात. माझ्या मनात मात्र ठसले आहे ते एवढेच, की पद वाढले तरी पाण्यात उतरायचे काम आपण दुसऱ्यावर ढकलले नाहीत.

ज्या वर्षी आपण गेलात, त्याच वर्षी ८ डिसेंबरला आमच्या नौदलात पहिली पाणबुडी ‘कलवरी’ दाखल झाली. आज मुंबईत माझगाव डॉकमध्ये पाणबुड्या बांधल्या जातात, आणि त्यांतल्या माणसांना संकटात वर आणण्यासाठी डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईतच नौदलाने खोल पाण्यात जाणारे सुटकेचे वाहन सेवेत घेतले. ते स्वतःच्या बळावर चालते, पण करते तेच: झाकणावर बसायचे, पाणी बाहेर काढायचे, दार उघडायचे. माझ्या आतेभावाचा मुलगा पाणबुडीवर आहे. त्याच्या आईला मी हे वाहन कसे चालते ते स्टीलची वाटी ताटावर उपडी ठेवून समजावले, तेव्हा तिने ती वाटी दोनदा उचलून पाहिली आणि मग जेवायला बसली.

माझी पत्नी या पत्राखाली तिचाही नमस्कार लिहायला सांगत आहे. मी कामाला निघालो की ती पायरीपर्यंत यायची आणि चेंबरचे दार कोणत्या तारखेला उघडणार एवढेच विचारायची. आत जाऊन कालनिर्णयवर त्या तारखेभोवती पेनाने गोल काढायची. खराब हवामानामुळे तो गोल अनेकदा दोन-चार चौकटी पुढे सरकला. एकवीस वर्षांत तो पुसावा लागला नाही.

आपला ऋणी,
एक निवृत्त पाणबुड्या, मालवण