होकार कळवलाय

प्रिय आई-बाबा,
सा. न.

फोनवर तीनदा विषय काढायचं ठरवलं आणि तिन्ही वेळा बाबांच्या बीपीचं विचारून फोन ठेवला, म्हणून लिहितेय. पॅरिसच्या पीएचडीला मी होकार कळवलाय. सप्टेंबरात निघायचं, तीन वर्षांसाठी. आधी विचारायला हवं होतं, कळतं मला. पण तुम्ही 'जा'च म्हणाला असतात आणि आई रात्रभर जागी राहिली असती.

बाबा, 'कपड्यांवर कसलं संशोधन?' असं काका विचारतीलच. त्यांना सांगा, १९३५ साली पॅरिसमध्ये एल्सा स्कियापारेल्ली या फॅशन डिझायनरने आपल्या साडीवरून पोशाख बेतले होते. काश्मिरी शालीवरची कोयरी जगाला ठाऊक आहे ती पेस्ली म्हणून, कारण स्कॉटलंडमधल्या त्या गावच्या मागांवर तिची नक्कल विणली जायची. आणि कोल्हापुरीचं तर तुम्हीच कात्रण ठेवलंत ना माझ्यासाठी? २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेली आपली चप्पल २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोमध्ये दिसली, तेव्हा कोल्हापूरचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. एकमेकांचं घेण्यात वाईट काही नाही. कुणाचं घेतलं ते पुसलं जातं, त्याचाच माग मला काढायचाय.

हे वेड मला येवल्यात लागलं. आईच्या पैठणीसाठी आपण एसटीने गेलो होतो. विणकरकाकांनी पदर माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "सुलट बाजू कुठली, सांग." मोराची चोच दोन्हीकडून सारखीच, कुठे धागा म्हणून लोंबत नव्हता. माझं उत्तर चुकलं आणि मी आईच्या कुशीत तोंड लपवलं. आई, आत्ताही तसंच लपवावंसं वाटतंय गं.

माझी काळजी करू नका. शिष्यवृत्तीत राहण्या-जेवण्याचं भागतं, खोलीला लागून स्वयंपाकघर आहे. गोडा मसाला आणि मेतकूट मात्र भरपूर दे.

आता ऐका. बाबांनी गोळी वेळेवर घ्यायची, 'आज बरं वाटतंय' म्हणून चुकवायची नाही. पावसाळ्यात रामकुंडाच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत, शेवाळ असतं. आईने माळ्यावर चढायचं नाही. गौरींचं सामान दादा काढून देईल, त्याच्याकडून तसं कबूल करून घेतलंय. गुडघ्याचा एक्स-रे या महिन्यातच काढायचा.

शनिवारी येतेय. रागवायचं ते तेव्हा समोर बसवून रागवा. आई, पैठणी काढून ठेव. पदराच्या दोन्ही बाजूंचे फोटो न्यायचेत.

तुमची,
चिमी