स्थिर आयपी पत्त्याचे शुल्क घेतले, पत्ता दिलाच नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : सत्तरीतील मोबाइल डेटा जोडणीवर स्थिर सार्वजनिक आयपी पत्ता न मिळाल्याबाबत

महोदय,

आपल्या मदत केंद्राशी आज सातव्यांदा बोलून झाल्यावर हे पत्र लिहीत आहे. सत्तरी तालुक्यातील आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, एक छोटा संगणक आहे. ओहोळाकाठच्या विहिरीवरचा पंप तो चालू-बंद करतो आणि पाण्याच्या पातळीची नोंद ठेवतो. तिथे दुसरे इंटरनेट पोहोचत नाही, म्हणून आपले सिम घातलेला फोर-जी राउटर बसवला. म्हापशाहून एसएसएचने, म्हणजे दुरून संगणकात सुरक्षितपणे शिरण्याच्या पद्धतीने, त्या संगणकात शिरता यावे, एवढ्याच कारणासाठी मी जूनमध्ये जादा शुल्क भरून स्थिर सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरून थेट गाठता येणारा न बदलणारा पत्ता, मागितला आणि अर्जावर ते कारणही लिहिले. जून आणि जुलै, दोन्ही बिलांत ते शुल्क लावलेले आहे. पत्ता आजपर्यंत मिळालेला नाही.

दोष माझ्या बाजूला नाही, याची खात्री मी आधीच करून घेतली आहे. कुळागरातल्या वायफायवरून दुसऱ्या लॅपटॉपने एसएसएच लगेच जोडले जाते, म्हणजे सर्व्हर चालू आहे आणि एसएसएचचे २२ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे संगणकात शिरण्याचे दार, उघडे आहे. बाहेरून आलेली जोडणी त्या संगणकाकडे पाठवण्याची सोय, म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंगही, राउटरमध्ये केलेली आहे. म्हापशाहून प्रयत्न केला की जोडणी नाकारल्याचा संदेश येत नाही, नुसती वाट पाहून मुदत संपते. राउटरच्या बाहेरच्या बाजूवर टीसीपीडम्प हे येणारी-जाणारी पॅकेट्स दाखवणारे साधन लावून मी अर्धा तास पाहत राहिलो, माझे एकही पॅकेट तिथवर आले नाही. पोर्ट बदलून २२२२ आणि ४४३ केले, तरी तेच.

याचे कारण राउटरच्या सेटिंगच्या पानावरच दिसते. त्याला आपल्याकडून मिळालेला पत्ता १००.७२ ने सुरू होतो, आणि बाहेरच्या संकेतस्थळाला माझा पत्ता वेगळाच दिसतो. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा आरएफसी ६५९८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने एप्रिल २०१२ मध्ये सेवा पुरवठादारांच्या सामायिक एनएटीसाठी, म्हणजे पत्ते बदलून देण्याच्या व्यवस्थेसाठी, राखून ठेवला, हे आपल्या अभियंत्यांना मी सांगायला नको. अशा व्यवस्थेत अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात. आतून बाहेर जाता येते, पण बाहेरून आलेली नवी जोडणी कोणाच्या घरी द्यायची हे यंत्रणेला कळत नाही. आयपीव्ही४ पत्त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला, हे मला मान्य आहे. म्हणूनच तर मी वेगळे पैसे मोजले.

आता आजच्या संभाषणाविषयी. चाळीस मिनिटे थांबल्यावर जे प्रतिनिधी बोलायला आले, त्यांना मी वरचे सर्व क्रमाने सांगितले. त्यांनी विचारले, "तुमचे व्हॉट्सअॅप चालते ना?" चालते, असे मी म्हणालो. "मग इंटरनेट चालू आहे." मी पुन्हा सांगितले की, अडचण बाहेरून आत येण्याची आहे. त्यावर ते म्हणाले की एसएसएच हे अॅप काढून टाका आणि प्ले स्टोअरवरून नव्याने घ्या. मी १००.७२ हा आकडा दोनदा वाचून दाखवला आणि स्थिर पत्त्यासाठी राउटरमध्ये वेगळा एपीएन, म्हणजे मोबाइल डेटा जोडणीचे नाव, टाकायचा असेल तर तो तरी कळवा, अशी विनंती केली. तेव्हा मला उत्तर मिळाले, "सर, तुम्ही वयाने मोठे आहात, घरात एखादा मुलगा असेल तर त्याच्याकडे फोन द्या." मी छत्तीस वर्षे विजेच्या आणि नियंत्रणाच्या यंत्रांवर काम केले आहे, महोदय. हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही. फोन ठेवण्यापूर्वी त्यांनी तक्रार "समाधानाने बंद" केली आणि तसा संदेशही पाठवला.

तूर्त मी भाड्याच्या सर्व्हरमार्फत उलटा बोगदा चालवतो आहे, म्हणजे कुळागरातला संगणकच आतून त्या सर्व्हरशी जोडणी करतो आणि तिच्यातून मी आत शिरतो. तोही काही मिनिटे निष्क्रिय राहिला की तुटतो. स्थापित जोडणी निष्क्रिय असली तरी एनएटीने ती किमान २ तास ४ मिनिटे सांभाळावी, असे आरएफसी ५३८२ सन २००८ पासून सांगते. दर तीस सेकंदांनी जोडणी जिवंत ठेवणारा संदेश पाठवूनही जुलैतल्या एका रात्री बोगदा तुटला, ओहोळाचे पाणी चढले आणि पंप बंद करायला माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वडिलांना भर पावसात बॅटरी घेऊन विहिरीवर जावे लागले. पैसे भरलेला पत्ता मिळाला असता तर ते घराबाहेर पडले नसते.

आमच्या गावात पहिला टॉवर आपला आला, तेव्हापासून आम्ही आपले ग्राहक आहोत आणि शेजाऱ्यांनाही आपलेच सिम घ्यायला सांगत आलो. यापुढे मी तसे सांगणार नाही.

सात दिवसांत स्थिर सार्वजनिक पत्ता आणि त्याचा एपीएन लेखी द्यावा, नाहीतर ही सेवा सत्तरीत देता येत नाही असे लिहून देऊन दोन्ही महिन्यांचे शुल्क परत करावे. बंद केलेली तक्रार पुन्हा उघडून तिचा क्रमांक कळवावा. तसे न झाल्यास मी आपल्या अपील प्राधिकरणाकडे जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेच्या व्याख्येतच दूरसंचार आहे, त्यामुळे उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाईन. दोन्ही बिले, राउटरच्या पानाचे छायाचित्र आणि टीसीपीडम्पची नोंद सोबत जोडली आहे.

आपला ग्राहक,
म्हापसा, गोवा