ट्रॅकवर उतरवायच्या जुन्या गाड्यांचे ब्रेक व सस्पेन्शन : सभासदांसाठी सूचना

चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई येथील ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर एस्टीम, झेन किंवा तत्सम जुनी गाडी उतरविण्याचा विचार असलेल्या सर्व सभासदांना आग्रहाची विनंती आहे की, इंजिनावर एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी त्यांनी ब्रेकचे काम पूर्ण करावे. वेग दुप्पट झाला की ब्रेकला शोषावी लागणारी ऊर्जा चौपट होते. त्यामुळे शहरात वर्षानुवर्षे तक्रार न करणारे ब्रेक ट्रॅकवर काही फेऱ्यांतच तापून निकामी होऊ शकतात.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते व त्याचा उत्कलनबिंदू उतरत जातो. डॉट ४ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, मात्र ओलावा मुरल्यावर तो १५५ अंशांच्या आसपास येऊ शकतो, आणि ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल थेट तळाला जाते. म्हणून ऑइल पूर्ण बदलून हवा काढून घ्यावी, तडे गेलेले रबरी होज बदलावेत आणि अधिक तापमान सोसणारे नवे ब्रेक पॅड आधी रस्त्यावर गाडी चालवून डिस्कवर नीट बसू द्यावेत.

सस्पेन्शनमध्ये झिजलेले बुश (जोडांमधील रबरी अस्तर), बॉल जॉइंट (चाकाला वळू देणारे गोलाकार सांधे) व शॉक अब्सॉर्बर प्रथम बदलून मगच व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळविणे) करावे. सैल बुशवर महागड्या स्प्रिंगा बसविणे व्यर्थ आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. गाडी खाली करण्यासाठी स्प्रिंगा कापू नयेत. कापलेली स्प्रिंग आपल्या जागेवरून निसटू शकते, त्यामुळे अशी गाडी आमच्या तपासणीत कोणाचीही भीड न ठेवता नाकारली जाईल.