दोन फेऱ्यांची नोंद

आदरणीय कॅप्टन सर,

सप्रेम जय हिंद.

हे पत्र मी जाहीरपणे लिहीत आहे, कारण ज्या गोष्टीसाठी आपले आभार मानायचे आहेत ती आपण चारचौघांत केली आणि तिचे ऋण फोनवर दोन शब्द बोलून फिटेल असे मला वाटत नाही. त्या रविवारपासून पत्र लिहायला बसतो आहे. प्रत्येक वेळी गळा दाटून येतो आणि कागद तसाच राहतो.

नोव्हेंबरच्या चौथ्या रविवारी, एनसीसी दिनी, आपल्या महाविद्यालयाच्या मैदानावर उत्कृष्ट कॅडेटचा गौरव झाला. मी आणि मुलीची आई मंडपात अगदी शेवटच्या रांगेत बसलो होतो. खरे सांगायचे तर फारशी अपेक्षा ठेवून आलो नव्हतो. आमच्या भागात शाल-श्रीफळाला तोटा नाही, आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फलकांवर तर ज्याला त्याला ‘आदर्श’ म्हणून मोकळे होतात. त्यामुळे नाव पुकारले जाईल, टाळ्या पडतील, फोटो निघेल आणि संध्याकाळच्या धारेला आपण घरी पोहोचू, एवढाच माझा हिशेब होता.

या अविश्वासालाही कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझा थोरला मुलगा दुसऱ्या एका महाविद्यालयात कॅडेट होता. बूट चकाकेपर्यंत पॉलिश करायचा, लाल तुऱ्याची टोपी आईलाही हात लावू द्यायचा नाही. ‘सी’ प्रमाणपत्र असले की लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीच्या, म्हणजे सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, मुलाखतीपर्यंत जाता येते आणि तिथून चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीची वाट उघडते, हे मला त्यानेच समजावून सांगितले होते. तिथे मात्र कॅडेटचा उपयोग पाहुण्यांच्या खुर्च्या मांडण्यासाठी जास्त झाला, आणि ‘सी’च्या परीक्षेची तारीख त्याला परीक्षा होऊन गेल्यावर समजली. वर्षाच्या शेवटी खिडकीतून एक छापील कागद बाहेर आला: ‘उत्कृष्ट कॅडेट’. नावाच्या जागी नुसती टिंबे होती. “नाव तुमचे तुम्हीच घाला,” असे आतून सांगण्यात आले. आज तो चाकणला एका कंपनीत कामाला आहे. तो कागद आमच्या ट्रंकेत आहे आणि टिंबे अजून तशीच आहेत.

म्हणून, सर, आपण खिशातून ती छोटी वही काढली तेव्हा मी दचकलो. प्रत्येक कॅडेटला पुढे बोलावून आपण तिच्यातल्या दोन-तीन ओळी वाचत होतात. त्यांत कौतुक होते तसे उणेही होते. माझ्या मुलीचा नेम अजून कच्चा आहे, हे आपण सगळ्यांसमोर वाचून दाखवले आणि ती हसली. त्यानंतरची नोंद मी जन्मभर विसरणार नाही. “जानेवारीतील सराव. पंचवीस मिनिटे उशीर. शिक्षा, मैदानाच्या दोन फेऱ्या. पूर्ण केल्या. कारण सांगितले नाही.”

ते कारण मला ठाऊक होते. शिक्षेची गोष्ट मात्र मी तिथे पहिल्यांदा ऐकत होतो. मागच्या पौषात मी तापाने आडवा पडलो होतो. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रपाळीची होती आणि गहू पाण्याला आला होता. पोरगी बॅटरी घेऊन एकटी शेतात गेली, पहाटेपर्यंत दारे धरत राहिली, तिची एसटी चुकली आणि चिखलाचे पाय कसेबसे धुऊन ती दुधाच्या टेम्पोतून लातूरला गेली. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाचा सराव चुकवायचा नाही, एवढेच तिच्या डोक्यात होते. घरी आल्यावर विचारले, तर म्हणाली, “झाली परेड.”

आपल्याला हे तिच्या मैत्रिणीकडून नंतर कळले. ते आपण मनात ठेवले असते तरी कोणी विचारणार नव्हते. आपण मात्र वही मिटली, तिच्याकडे वळलात आणि म्हणालात, “त्या दिवशी मी आधी विचारायला हवे होते. चूक माझी होती.” मग तिला कडक सॅल्यूट केलात. कॅडेटने अधिकाऱ्याला सॅल्यूट करायचा ही रीत मलाही माहीत आहे. त्या दिवशी सुरुवात आपल्याकडून झाली.

चषक शोकेसमध्ये ठेवला आहे, तो दिसतो. मला मात्र रात्री झोपताना ते वाक्य ऐकू येते. मी गावच्या सोसायटीचा गटसचिव म्हणून वीस वर्षे कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या आहेत आणि टेबलापलीकडच्या माणसाने ‘चूक माझी’ म्हटल्याचे मला एकदाही आठवत नाही. आपल्या खांद्यावर तर तीन तारे होते आणि समोर शंभरेक मुले सावधानमध्ये उभी होती.

आमच्या औसा तालुक्यात वर्दीबद्दल माया आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी पोर होतो. ढिगारे उपसणाऱ्या जवानांना कळशीने पाणी नेऊन दिल्याचे मला आठवते. १९४८च्या जुलैत एनसीसी उभी राहिली तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या अमलाखाली होता, आणि स्वतंत्र व्हायला १७ सप्टेंबर उजाडावा लागला. आज त्याच मराठवाड्यातल्या एका खेड्यातली मुलगी १७ सप्टेंबरच्या ध्वजारोहणाला पथकाच्या पुढे उभी राहते. तिच्या आजीला हे अजून खरे वाटत नाही. ‘एकता और अनुशासन’ हे ब्रीद मी भिंतीवर पुष्कळदा वाचले होते. त्यातला अनुशासन हा शब्द मला नेहमी खालच्यांसाठीच लिहिल्यासारखा वाटे. त्या रविवारी तो वरूनही लागू होतो हे पाहिले.

सर, एक विनंती आहे. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, आपण सहकुटुंब आमच्या शेतात यावे. भज्जी, उंडे आणि आंबील असेल, कडब्याच्या कोपीत पूजा असेल. थोरलाही चाकणहून रजा काढून येणार आहे. बहिणीने त्या वहीची गोष्ट फोनवर सांगितली तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला, आणि मग आपण येणार आहात का, एवढेच त्याने विचारले.

आपला कृतज्ञ,
एका कॅडेटचा बाप
तालुका औसा, जिल्हा लातूर