सोनू, सोफ्याची घाई करू नकोस

प्रिय सोनू,

तू पाठवलेला सोफ्याचा फोटो बघितला, रंग छान आहे, पण हप्त्यावर घ्यायच्या आधी हे सगळं एकदा वाच आणि मग ठरव. फोनवर बोलायला गेलं की तुझं ऑफिसचं काहीतरी मध्येच येतं आणि माझं अर्धं सांगायचं राहून जातं, म्हणून बसून टाइप करतेय. बाबा म्हणाले एवढं मोठं कोण वाचतंय, मी म्हटलं माझी पोरगी वाचेल.

तर त्या सोफ्याच्या माहितीत खाली बारीक अक्षरात लिहिलंय इंजिनियर्ड वूड. ते बऱ्याचदा भुसा आणि गोंद दाबून केलेली फळी असते गं. तसल्या फळीत स्क्रू एकदा बसतो, ढिला झाला की परत नीट धरत नाही, पाणी लागलं की फुगते आणि फुगली की मग तिचं काहीच करता येत नाही. तुझं 11 महिन्यांचं ॲग्रीमेंट, उद्या घर बदललंस की तो सोफा खोलणार, टेम्पोत टाकणार, परत जोडणार, आणि हप्ते मात्र चालूच. माझं म्हणणं एवढंच आहे की घरात जे येईल ते दुरुस्त होणारं असावं. मग ते नवं असो की जुनं, तुझं तू बघ, पण बिघडलं तर आपल्याला किंवा गल्लीतल्या सुताराला ते उघडता आलं पाहिजे.

आता तुला न सांगता केलेलं एक काम सांगते. आपल्या इथल्या कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं होतं, बाबांना कुणीतरी सांगितलं म्हणून आम्ही दोघं बघायला गेलो. तिथे मागच्या व्हरांड्यात एक लिहायचं टेबल होतं, वर कुणीतरी पिवळट ऑइल पेंट फासलेला, एक पाय हलत होता, त्यावर फुलझाडांच्या कुंड्या ठेवलेल्या. बाबांनी कुंड्या खाली उतरवल्या आणि टेबल सरळ उलटं केलं. खालच्या बाजूला रंग नव्हता, आणि तिथे अशी सुंदर सोनेरी तपकिरी रेघ दिसत होती की बस. मी पर्समधली नेलफाइल जरा घासून वास घेतला, तो सागवानाचा तेलकट वास एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. 2200 रुपयांना मिळालं. टेम्पोचे वेगळे. ते तुझ्यासाठी आहे.

तुला पुण्यात आणखी काही घ्यायचं असेल तर बुधवारी नाहीतर रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जा की, तुला बुधवारी जमणार नाही, रविवारी सकाळी लवकर जा. आणि जाशील तेव्हा वरचं पॉलिश बघूच नकोस, वरचं पॉलिश सगळ्यांचंच चकाकतं. वस्तू उलटी कर. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढ आणि त्याची पाठ बघ, तिथे प्लायचा तुकडा मारलाय की अख्खं लाकूड आहे ते लगेच कळतं. सांधे बघ, खाचेत खाच बसवून लाकडाची खुंटी ठोकलेली असेल तर उत्तम, नुसते खिळे असतील तर किंमत अर्ध्यावर आण. बारीक भोकं दिसली तर घाबरू नको, खाली पांढरा कागद धर आणि वरून टिचक्या मार, ताजं पिठासारखं पडलं तर आत कीड जिवंत आहे, सोडून दे, काही पडलं नाही आणि भोकं आतून काळपट झालेली असतील तर बहुतेक जुनी गोष्ट आहे, इंजेक्शनच्या सिरिंजने कीड मारायचं औषध सोडलं की झालं. आणि दुकानदार प्रत्येक टेबलाला बर्मा टीक म्हणतात, म्हणू देत. आपल्या कर्नाटकातल्या दांडेली हल्याळच्या जंगलातलं सागवान काय कमी आहे? आणि चंद्रपूरकडचं बल्लारशाचं, ते तर 2023 साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेलं. सागवान आहे ना एवढंच बघ, कुठलं ते राहू दे.

टेबलाचं काम आम्ही घरीच केलं. हलणाऱ्या पायाच्या पट्टीचं स्क्रूचं भोक मोठं झालं होतं, त्यात काडेपेटीच्या काड्या फेविकॉल लावून ठासून भरल्या, वाळू दिल्या, वरचं कापून टाकलं आणि तोच स्क्रू परत पिळला, आता दगडासारखं घट्ट आहे. (हे लक्षात ठेव, दाराच्या बिजागरीलाही चालतं.) रंग काढायला सगळ्यात जास्त वेळ गेला, मग पॉलिश पेपर, आधी 80 नंबर, मग 150, शेवटी 320, आणि कायम रेघेच्या दिशेने, आडवं घासलं की ओरखडे पडतात आणि ते पॉलिश केल्यावरच दिसतात, तोपर्यंत उशीर झालेला असतो. बाजारात आता मेलामाइन नाहीतर पीयू (पॉलीयुरेथेन) पॉलिश करतात, चमक जास्त, पण ते खराब झालं की सगळं खरवडून पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून मी हट्टाने लाखेचंच केलं, चपडा, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवला, गाळला आणि मलमलच्या फडक्यात कापूस गुंडाळून त्या बोळ्याने पातळ पातळ हात दिले. लाखेचं असं असतं की नवा हात जुन्या हातात विरघळून जातो, दोन थर वेगळे राहतच नाहीत. त्यामुळे उद्या ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी परत हात मारायचा. त्यावर गरम पातेलं मात्र ठेवायचं नाही आणि ओला ग्लासही नाही, पांढरा डाग पडतो. पडलाच तर रडत बसू नकोस, मी आले की दहा मिनिटांत काढेन.

आता गोधडीचं. आजीची इरकली नऊवारी तुला आठवते ना, हिरवी, लाल काठाची, दुपारी खुर्चीत बसायची तेव्हा नेसलेली असायची. आजी गेल्यावर काकू म्हणाली बोहारणीला देऊन टाकूया, चांगलं मोठं पातेलं येईल. मी दिली नाही. सुती अंगाचं इतकं मऊ झालेलं कापड कुठल्या दुकानात मिळतं? नऊवारीचं लांबीत चार घड्या घातल्या की बरोबर एका माणसाची गोधडी होते, साधारण पावणेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद, बाहेरून काही भर घालावी लागत नाही. पण पदर आधी कापून घेतला. इरकलचं अंग सुती असलं तरी पदर रेशमी असतो, तो वेगळ्या ताण्याचा, विणतानाच अंगाला फासे घालून जोडलेला. रेशीम आणि सूत एका गोधडीत घातलं की धुतल्यावर दोन्ही सारखं आटत नाही आणि मग सुरकुत्या कायमच्या. त्याच्या जागी माझ्या जुन्या सुती साडीचा तुकडा जोडला, तो निळा दिसेल तुला.

शिवताना जमिनीवर अंथरून चारी कोपऱ्यांवर पाट ठेवले, कच्चे टाके घातले आणि मग कडेपासून धावदोरा सुरू केला, कडेकडेने गोल फिरत आत मध्यापर्यंत यायचं, दोन ओळींत एका बोटाचं अंतर. दोरा हातभरच घ्यायचा, जास्त घेतला की गुंततो, आणि ओवायच्या आधी मेणावरून ओढून घ्यायचा. अंगुस्तान घातल्याशिवाय बसायचंच नाही, चार घड्यांतून सुई ढकलताना बोटाचं पार काम होतं. चारी कोपऱ्यांत तुला त्रिकोणी तुकडे एकावर एक लावलेले दिसतील, ती आपल्याकडची पद्धत नाही, ते मी हल्याळला मावशीकडे सिद्दी बायकांकडून शिकले. त्यांच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्याला आणलं, तिथून ते इकडच्या जंगलात आले. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात आणि त्या कोपऱ्यांना फुला, फुला नसेल तर त्या बायका कवंदी पूर्ण झाली असं मानतच नाहीत, उघडी राहिली म्हणतात. किती छान ना. मला ते इतकं आवडलं की आता मी कुठलीच गोधडी फुलाशिवाय सोडत नाही.

पदराच्या दोन कुशन कव्हर केल्यात. त्यावर जी कशिदाकारी आहे ती कसुती, धारवाडकडची, आजीने लग्नाआधी स्वतः केलेली. एकदा कव्हर उलटं करून बघ. गोपुर, तुळशी वृंदावन, पाळणा, आणि एका कोपऱ्यात हत्ती. गवंतीचा टाका आहे तो, एकदा जाताना एक सोडून एक भरायचं आणि त्याच वाटेने परत येताना राहिलेलं भरायचं, म्हणून दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं. आधी छापून घ्यायचं नाही, कापडाचे धागे मोजत जायचं, आणि गाठ कुठेच नाही. मी आतली बाजू खूप शोधली, खरंच एकही गाठ नाही. हत्तीच्या सोंडेजवळ थोडं उसवलं होतं ते मी त्याच पद्धतीने भरलंय, रंग जरा नवा वाटेल, चार धुण्यात मिसळेल.

तुझी जीन्स पण पाठवतेय. फाटलेल्या जागी ठिगळ लावलं नाही, खालच्या दुमडीच्या आत जे कापड असतं त्यातलेच दोरे उपसून रफू केलाय, त्यामुळे रंग तंतोतंत जुळलाय. तुझे ते दोन पॉलिस्टरचे टॉप मात्र जमले नाहीत, त्याचा धागा धरतच नाही, सुई लागली की पुढे सुटत जातो. पुढच्या वेळी कपडे घेताना जरा आतली शिवण उलटून बघ की, शिवणीत बोटभर कापड सोडलेलं असेल तर तो कपडा नंतर सैल घट्ट करता येतो, नाहीतर एकाच सीझनचा.

खाण्यापिण्याचं तू बरं करतेस, साय साठवून तूप काढतेस ऐकून मला फार बरं वाटलं. बेरी टाकू नकोस, कणकेत मळ, पोळ्या खुसखुशीत होतात.

आणि पैशाचं, तू विचारलंस म्हणून सांगते. सोफ्याचा जेवढा हप्ता बसणार होता तेवढ्याचीच पोस्टात आरडी उघड, 5 वर्षांची असते. बसायला सध्या गादीवर चादर आणि मागे लोड टाक, चार मैत्रिणी आल्या तर खाली मांडी घालून बसतात की गं, कुणाचं काही बिघडत नाही. वर्षभरात जुन्या बाजारात चांगलं सागवानी बाकडं किंवा दिवाण नक्की दिसेल, फोटो पाठव, उलटा करून काढलेला फोटो पाठव, मग मी आणि बाबा सांगतो.

टेबल बाबांच्या ओळखीचा टेम्पो पुढच्या आठवड्यात पुण्याला जातोय त्यातून येईल, पाय काढून वेगळे बांधलेत, ओळीने 1 ते 4 नंबर खडूने घातलेत, ज्या नंबरची खाच त्याच नंबरचा पाय बसव, ठोकायची गरज पडली तर मध्ये फडकं ठेवून ठोक. गोधडी, कुशन कव्हर आणि जीन्स एका पिशवीत आहेत, त्यातच सुया, मेण आणि दोऱ्याची रिळं घातलीत. गोधडी मशीनमध्ये टाकू नकोस, बादलीत कोमट पाण्यात भिजव, पिळू नको, बाल्कनीच्या कठड्यावर तशीच पसरून निथळू दे.

आणि हो, तुझ्या दोन्ही खिडक्यांची मापं पाठव, रुंदी आणि दांडीपासून फरशीपर्यंतची उंची, टेपने घे, अंदाजाने नको. माझ्याकडे दोन जुन्या सुती चादरी आहेत, पडद्याला पुरतील असं वाटतंय, पण उंची कळल्याशिवाय कात्री लावत नाही.

तुझी
आई